डिझेल इंजिनाला पीव्हीसी पाईप चालेल का? डिझेल आणायला आणि धूर बाहेर काढायला

कोरडवाहू
राम राम मंडळी. पांढरकवडा तालुक्यात आमचं सात एकर वावर आहे, टिपेश्वरच्या जंगलाला लागून. विहिरीवर मोटार आहे, पण लाइन येते ती आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची. वाघाच्या भीतीनं रात्री ओलिताला कोणी धजत नाही, गडीही येत नाही. म्हणून यंदा हरभरा आणि गव्हासाठी घरचं जुनं पाच एचपीचं ऑइल इंजिन दुरुस्त करून घेतलं. दिवसा चालवतो.

इंजिन विहिरीजवळच्या खोपडीत आहे. वर टिना, तीन बाजूंनी पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) कूड, शेणामातीनं लिंपलेला. धूर आतच कोंडतो. तासाभरात डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. ठिबकच्या कामातून ६३ मिमीचे चार पीव्हीसी पाईप आणि अर्धा इंची बरेच तुकडे उरलेत. मनात दोन गोष्टी आहेत:

सायलेन्सरला ६३ चा पाईप जोडून धूर कुडाबाहेर न्यायचा. आणि २०० लिटरचा ड्रम बाहेर ओट्यावर ठेवून अर्धा इंची पीव्हीसीनं डिझेल थेट इंजिनापर्यंत आणायचं. पेट्रोल पंप १४ किलोमीटरवर आहे, रोज कॅन घेऊन जाणं जमत नाही.

घरात पडलेला पाईप वापरता आला तर बरं. कोणी केलंय का असं?

काळी कसदार
धुरासाठी अजिबात नको. डिझेलचं जाणकार सांगतील.

मोर्शीवाला
मी केलंय आणि दोन हंगाम चाललं. संत्र्याच्या बागेत इंजिन होतं. सायलेन्सरच्या पुढे दहा फूट लोखंडी पाईप, त्याच्या पुढे पीव्हीसी. काही झालं नाही. उगाच घाबरवू नका माणसाला.

फिटर काका, वर्धा
मोर्शीवाला भाऊ, तुमचं चाललं ते त्या दहा फूट लोखंडामुळे. आणि माझा अंदाज असा की तुमचं इंजिन अर्ध्या लोडवर, वरच्या पाण्यावर चालत असेल. नाही का?

मी इंजिनाच्या कामात सव्वीस वर्षं आहे. पाच एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर असलं की सायलेन्सरच्या तोंडाशी धूर ३०० ते ४०० अंशांचा असतो. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. कंपनी पाण्याच्या पाईपवर जो दाब छापते, तो २७ अंश तापमानाचा हिशोब असतो. ऊन वाढलं की तोही कमी धरायचा. मग ४०० अंशांची हवा त्यात सोडली तर काय होणार?

आणि तो एकदम जळत नाही, धोका तिथेच आहे. आधी आपल्याच वजनानं वाकतो. वाकला की आतला रस्ता अरुंद होतो. धूर अडला की इंजिन गुदमरतं, काळा धूर मारतं, पाणी कमी फेकतं. माणूस समजतो नोझल (डिझेल फवारणारं तोंड) गेलं. माझ्याकडे असं एक इंजिन आलं होतं. नोझल बदललं, पंप तपासला, फिल्टर बदलला, फरक नाही. शेवटी वावरात जाऊन पाहिलं तर कुडाच्या आतल्या बाजूला पाईप चपटा होऊन त्याच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या होत्या. मधे करंगळी जाईल एवढी फट उरलेली. शेतकऱ्यानं तोवर माझ्यासकट तीन जणांना पैसे दिले होते. मी माझे परत केले.

मोर्शीवाला
काका, अर्ध्या लोडवरच होतं, बरोबर बोललात. विहीर भरलेली असायची. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं तेव्हा वापरलं नाही. माझं विधान मागे घेतो.

पातूरचा शेतकरी
राजेहो, धुराचं काका सांगून रायले, मी डिझेलचं सांगतो. मायाकडे फवाऱ्याच्या पंपाची पांढरी पारदर्शक नळी होती, ती मी इंजिनाले लावली. डिझेल येतानी दिसे, मले लय बरं वाटे. दोन महिन्यात पिवळी पडली, मंग कडक झाली, एकदम काडीसारखी. एक दिवस हात लागला अन् कट्कन तुटली. अर्धी टाकी डिझेल भुईवर. तेच्यातच इंजिन गरम, मी बिडी पेटवासाठी माचीस काढून रायलो होतो. बायको वरडली म्हणून वाचलो. तवापासून बिडी पण सुटली.

काळी कसदार
वहिनींना नमस्कार सांगा. बिडी सुटली हे फार बरं झालं.

पॉलिमर ताई, नागपूर
पातूरच्या दादांनी सांगितलेली नळी म्हणजे मऊ पीव्हीसी. मी प्लॅस्टिकच्या तपासणीत काम केलंय, म्हणून हे नीट मांडते. पीव्हीसी मूळचा कडक असतो. त्याला मऊ करायला तेलासारखा पदार्थ घालतात. नळीतून डिझेल वाहत राहिलं की तो पदार्थ हळूहळू डिझेलमध्ये उतरतो. मग नळी कडक होते, आखडते, तडकते. साध्या पारदर्शक मऊ पीव्हीसी नळ्यांचं हेच होतं.

कोरडवाहू भाऊंचा ठिबकचा पाईप कडक पीव्हीसीचा आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्यात तो मऊ करणारा पदार्थच नसतो, त्यामुळे डिझेल त्याला लगेच खात नाही. थंड जागी, स्थिर, ताण नसलेला तुकडा बराच काळ टिकेल. म्हणून "डिझेलनं पीव्हीसी विरघळतो" असं सरसकट म्हणणं चूक आहे. तरीही मी नको म्हणेन. इंजिन थरथरतं आणि सॉल्युशननं चिकटवलेला सांधा ती थरथर वर्षभर सोसत नाही. उन्हात पडून पाईप ठिसूळ झालेला असतो, एखादं खोरं लागलं की फुटतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुठे छोटी आग लागली तर हा पाईप आधी मऊ पडेल आणि ड्रममधलं उरलेलं सगळं डिझेल आपोआप आगीवर येऊन पडेल. लोखंडी पाईप आगीत निदान उभा तरी राहतो.

शेंबाळपिंपरीकर
ताई, मग आपण वर्षानुवर्षं डिझेल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आणतो ते? आणि काळा पाईप?

पॉलिमर ताई, नागपूर
कॅन एचडीपीईचे (एक प्रकारचं घट्ट पॉलिथिन) असतात आणि तुमचा काळा पाईपही बहुतेक तोच. गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या टाक्यासुद्धा एचडीपीईच्या असतात, त्यामुळे साठवायला तो बरा आहे. पण डिझेलमध्ये राहून तो किंचित फुगतो, थोडा मऊ होतो. कॅनला त्यानं फरक पडत नाही. पाईपला क्लिप लावली असेल तर काही आठवड्यांत ती सैल पडते आणि सांध्याशी ओल दिसायला लागते. त्याला चिकटवायचं सॉल्युशनही मिळत नाही. वितळायला साधारण १३० अंश पुरतात, म्हणजे धुराच्या कामाचा तोही नाही.

डिझेलच्या नळीसाठी दुकानात सरळ "डिझेलची नायट्राइल रबराची नळी" मागा. गाड्यांच्या इंधनाच्या लाइनला वापरतात ती नायलॉनची नळीही चालते. साधं रबर आणि सायकलची ट्यूब डिझेलमध्ये फुगून लिबलिबीत होतात.

फिटर काका, वर्धा
ताईंनी फार नेमकं सांगितलं. त्यात भर: जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईपही डिझेलला नको. आतल्या जस्ताशी डिझेलची हळूहळू क्रिया होऊन साबणासारखा गाळ धरतो आणि फिल्टर, नोझल चोंदतात. लोखंडी घ्यायचा तर काळा एमएस, म्हणजे बिनमुलाम्याचा साधा.

आणि पंपापासून नोझलपर्यंतची जी बारीक पोलादी नळी आहे, तिच्या जागी कुठलंही प्लॅस्टिक, रबर, पितळ काहीही लावायचं नाही. हे कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण एका गावात पाहिलंय. तिथे दाब २०० बारच्या घरात जातो, म्हणजे मोटरसायकलच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभर पट. ती गळते का हे बोटानं पाहू नका. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आतून हात सडायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

दर्यावर्दी
मी जहाजावर असतो, गाव चिखली. इथे एक वेगळी माहिती. लहान बोटींमध्ये धूर रबराच्या नाहीतर फायबरच्या पाईपातून काढतात, हे खरं आहे. पण तिथे इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी धुराच्या पाईपातच सोडतात. पाणी मिसळल्यावर धूर इतका निवतो की रबर टिकतं. पाणी बंद पडलं की काही मिनिटांत ते रबर जळायला लागतं, म्हणून तिथे धोक्याची घंटी बसवलेली असते.

शेंबाळपिंपरीकर
मग आपल्याकडेही विहिरीचं थोडं पाणी धुरात सोडलं तर?

दर्यावर्दी
नका करू दादा. ते पाणी इंजिनापेक्षा खालच्या पातळीला, उताराच्या बाजूला सोडावं लागतं. जरा चुकलं तर इंजिन बंद झाल्यावर पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पुन्हा हँडल मारलं की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा.

आर्वी रोड
इतका वेळ वाचत होतो. लिहू की नको असं झालं होतं, पण पाईपचाच विषय आहे तर लिहितो.

१९९३ ची गोष्ट. मी दहावीत होतो. आमची विहीर ४५ फूट खोल. वरून सक्शन २०-२२ फुटांच्या पुढे पाणी ओढत नाही, म्हणून उन्हाळ्यात इंजिन दोरानं खाली सोडून कपारीवर ठेवायचे, तेव्हा सगळेच ठेवायचे. धूर वर आणायला काकांनी पंधरा फूट लोखंडी पाईप लावला आणि पुढे काठापर्यंत काळा पाईप. पैसे वाचले म्हणून खूश होते.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी पाणी सुरू होतं आणि पाट एकदम बारीक झाला. वरून काही दिसेना. झालं असं होतं की काळा पाईप सांध्याशी मऊ पडून लोखंडावरून निसटला होता आणि मान टाकल्यासारखा खाली लोंबत होता. सगळा धूर विहिरीतच. काका जुने माणूस, सावध. त्यांनी दोरीला बांधून कंदील खाली सोडला. कंदील छान जळत राहिला. मग म्हणाले, हवा चांगली आहे, इंजिन बंद करून येतो. आजोबांनी हट्टानं त्यांच्या कमरेला नाडा बांधला. काका रागावले, पण बांधू दिला.

कपारीवर पोचले, इंजिन बंद केलं, आणि वर पाहून काहीतरी बोलायला गेले. आवाज आला नाही. गुडघे दुमडून तिथेच बसले. आम्ही पाच जणांनी ओढून काढलं. मी नाडा धरलेला होता, हाताची सालं निघाली होती, ते मला घरी आल्यावर कळलं. काका जगले. पण पुढे सहा-सात महिने त्यांचं डोकं दुखायचं आणि बैलांची नावं विसरायचे. ज्या बैलांना त्यांनी गोऱ्हे असल्यापासून वाढवलं त्यांची.

कंदील जळत असताना असं कसं झालं, हे मला आजवर नीट कोणी सांगितलं नाही.

पॉलिमर ताई, नागपूर
दादा, वाचून अंगावर काटा आला. आजोबांचा हट्ट होता म्हणून काका वाचले.

कंदील फक्त हवेत ऑक्सिजन पुरेसा आहे की नाही एवढंच दाखवतो. धुरातला घातक वायू कार्बन मोनॉक्साइड. तो थोडासा असला तरी माणसाला पुरतो, आणि तेवढ्यानं कंदिलाची ज्योत हलतही नाही. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला ऑक्सिजन वाहणारा घटक त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतो. म्हणून आधी डोकं दुखतं, मग पाय जातात, आणि माणूस शुद्धीत असूनही हलू शकत नाही. नंतर काही महिने विसराळूपणा राहणं हेही त्याचंच. तो हवेपेक्षा जड नसतो, जवळजवळ तितकाच असतो. त्यामुळे तळाशी बसून राहत नाही, सगळीकडे मिसळतो.

कोरडवाहू भाऊ, तुमचं डोकं दुखतं असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. ते मला आता जास्त खटकतंय. धूर डोळ्याला लागतो तेवढाच त्रास समजू नका.

आर्वी रोड
ताई, आभार. काका आता नाहीत, पण चुलतभावाला हे वाचून दाखवतो.

पातूरचा शेतकरी
आमच्याकडे अजूनही लोकं कंदील सोडूनच उतरतात. उद्या पारावर सांगतो सगळ्यायले.

देवळीचा मास्तर
थोडं विषयांतर. आमच्या भागातला पंप प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये डिझेल द्यायला कुरकुर करतो. ड्रम भरून ठेवला तर परवाना लागतो का?

फिटर काका, वर्धा
मास्तर, पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल २५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, मात्र एकेक भांडं १००० लिटरच्या वर नको. एका ड्रमाला परवाना लागत नाही. पण ड्रम उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या डिझेलची वाफ पेट घ्यायची किमान मर्यादा ३५ अंश धरलेली आहे, आणि अकोला-चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच.

कोरडवाहू, तुम्हाला एक विचारतो. पाच एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला लिटरभर डिझेल खातं. दिवसाला सहा-सात लिटर. मग २०० लिटरचा ड्रम इंजिनाला जोडायचाच कशाला? ड्रम लांब ठेवा, सकाळी हातपंपानं दहा लिटर काढून इंजिनाच्या स्वतःच्या टाकीत ओता. लांब पाईपाचा प्रश्नच उरत नाही. आणि खोपडीत आणखी काय ठेवता?

कोरडवाहू
काका, खरंच की. टाकी जोडलेली आहेच, मी ड्रमच्या नादात तिचा विचारच केला नाही.

खोपडीत फवाऱ्याचा पंप, खताची दोन पोती. वेचणी असली की संध्याकाळी बंडी येईपर्यंत कापूस तिथेच टाकतो.

फिटर काका, वर्धा
कापूस आजपासून तिथे टाकायचा नाही. खतही हलवा. कापसाला भडका घ्यायला ठिणगी पुरते आणि सायलेन्सर ठिणग्या टाकतो. मी हात जोडून सांगतो.

शेंबाळपिंपरीकर
सौर पंपाला अर्ज केला का? मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत आमच्या गावात काही जणांचे बसले. दिवसा पाणी, डिझेल नाही, धूर नाही.

कोरडवाहू
अर्ज केलाय, नंबर यायचाय. तोवर हरभरा थांबत नाही ना.

मोर्शीवाला
धुराचा पाईप कोणता घ्यायचा हे सांगा आता. माझंही बदलायचंय.

फिटर काका, वर्धा
दोन इंची काळा एमएस. सायलेन्सरच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नको, वाकणं कमीत कमी ठेवा. पाईपाचं वजन सायलेन्सरवर टाकू नका, नाहीतर थरथरीनं सायलेन्सरची मान तुटते. वेगळा खांब रोवून त्यावर पाईप टेकवा. कुडातून पाईप जातो तिथे चारी बाजूंनी वीतभर पऱ्हाटी कापून काढा आणि टिनाचा पत्रा मधे मोकळी जागा ठेवून बसवा. बाहेरचं तोंड विहिरीकडे नको, बसायच्या जागेकडे नको.

देवळीचा मास्तर
जीआय स्वस्तात मिळाला तर धुराला चालेल?

फिटर काका, वर्धा
धुराला चालून जाईल, पण वेल्डिंग करताना जपा. जस्ताच्या धुरानं वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. माझ्या पोराला भरला होता, मलेरिया समजून रक्त तपासलं.

कोरडवाहू
मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. भंगारातून सव्वादोन इंची काळा लोखंडी पाईप मिळाला, बारा फूट. दोन लोखंडी खांब रोवले. कुडाला खिडकीएवढं भगदाड पाडून पत्रा लावला, आईनं बाकीचं पुन्हा लिंपून दिलं. ड्रम निंबाच्या सावलीत, इंजिनापासून पंचवीस पावलांवर. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी नायट्राइलची, दोन फूट, दोन्हीकडे क्लिप, टाकीशी पितळी कॉक. कापूस आता थेट घरी नेतो.

काल सलग पाच तास चालवलं. डोकं दुखलं नाही. बाबा आत बसून भाकर खाऊन गेले, हे आधी शक्यच नव्हतं. ६३ चे पाईप तसेच आहेत, त्यांचं काही पाण्याचंच काम काढतो.

एक शंका. सकाळी चालू केल्यावर पाईपाच्या सांध्यातून दहा-पंधरा मिनिटं काळं पाणी ठिबकतं. हेड गॅस्केट गेलं की काय?

फिटर काका, वर्धा
गॅस्केट गेलं असतं तर इंजिन थंड करायच्या टाकीतलं पाणी रोज कमी झालं असतं आणि बुडबुडे आले असते. तसं आहे का? नसेल तर घाबरू नका. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन धुरासोबत जातं. सकाळी पाईप थंड असतो, त्यात ती वाफ निवते. पाईप बाहेरच्या बाजूला थोडा उतरता करा आणि सगळ्यात खालच्या जागी साडेतीन-चार मिमीचं भोक पाडा.

कोरडवाहू
टाकीतलं पाणी तेवढंच आहे, बुडबुडेही नाहीत. उद्या उतार देतो. हरभऱ्याला घाटे धरलेत काका, या बाजूला आलात तर सोले खायला या.